सोल संगीताचे विस्मृत आद्य गायक

आंबा खाणारा मनुष्य ते झाड कोणी लावले ह्याची चौकशी क्वचितच करतो. संगीताच्या बाबतीतही बहुधा असेच घडते. ज्यांस इंग्रजी गाण्यांची गोडी आहे अशा विद्यार्थ्यांस 'सोल' संगीताविषयी विचारले असता रे चार्ल्स, सॅम कुक, जेम्स ब्राउन, अरीथा फ्रँकलिन ही नावे ते तत्काळ सांगतात. आणि ही नावे खरोखरच मोठी आहेत. परंतु ज्या गायनरीतीमुळे ही मंडळी जगद्विख्यात झाली ती रीत त्यांच्या आधी कोणी घडवली, आणि घडवणाऱ्यांच्या पदरी काय पडले, असा पुढचा प्रश्न केला की बहुतेकांस उत्तर सुचत नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अल्पसा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहो. कोणास मोठे ठरवावे आणि कोणास लहान, हा आमचा हेतू नाही. ज्याचे जे आहे ते त्याच्या नावे लिहिले जावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

प्रथम 'सोल' म्हणजे काय ते पाहू. ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या उपासनामंदिरांत जे आवेशपूर्ण भक्तिगायन विसाव्या शतकात रूढ झाले त्यास 'गॉस्पेल', म्हणजे सुवार्तागीते, असे म्हणतात. ह्या गायनातील स्वर, आवेश आणि रचना तशीच ठेवून विषय मात्र मनुष्यामनुष्यांतील प्रेमाचा, विरहाचा व दुःखाचा घ्यावयाचा, आणि त्यास नृत्याच्या ठेक्याची व 'ब्लूज' नामक लोकगीतांची जोड द्यावयाची, म्हणजे सोल संगीत तयार होते. वस्तू आधी आली, नाव मागाहून आले. 'बिलबोर्ड' ह्या अमेरिकन व्यापारी साप्ताहिकात कृष्णवर्णीयांमध्ये खपणाऱ्या तबकड्यांची जी यादी छापली जाई तिच्या नावात पूर्वी वंशवाचक शब्द असे. १९४९ साली तो काढून तीस 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव देण्यात आले. आणि 'सोल' हे नाव तीस १९६९ साली मिळाले. ह्या दोन सालांमध्ये जी वीस वर्षे आहेत त्यांचा पूर्वार्ध हाच मुख्यतः आमच्या विषयाचा काळ होय.

ह्या गायनाचे मूळ शोधू लागलो तर वाटेत एक मिशनशाळा लागते, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनरी असोसिएशन ह्या संस्थेच्या आश्रयाने नॅशव्हिल येथे, मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी, फिस्क नावाची शाळा उघडण्यात आली. काही वर्षांतच शाळा कर्जात बुडाली. तेव्हा १८७१ साली जॉर्ज व्हाइट ह्या शिक्षकाने नऊ विद्यार्थ्यांचा गायकवृंद बरोबर घेऊन वर्गणी जमवण्यासाठी दौरा काढला. ह्या नवांपैकी बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मले होते. त्यांच्या आईबापांनी शेतात राबताना आणि रात्री झोपडीत गायिलेली भक्तिगीते त्यांनी मोठमोठ्या सभागृहांत गायिली. १८७३ साली इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढेही गायिली. त्या मिळकतीतून उभारलेली 'ज्युबिली हॉल' ही शाळेची इमारत १८७६ साली पुरी झाली. ज्यांनी गायिले त्यांच्याच शाळेवर छप्पर चढले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्या उलट प्रकार पाहावयाचा आहे.

फिस्कच्या मुलांचे गायन संयत आणि सभागृहास साजेल असे होते. भक्तिगायनात ब्लूजचा डोलणारा ठेका आणला तो टॉमस डॉर्सी ह्याने. हा जॉर्जियातील एका बाप्तिस्त उपदेशकाचा मुलगा. परंतु तरुणपणी 'जॉर्जिया टॉम' ह्या नावाने तो ब्लूज वाजवीत असे. १९३२ साली त्याची पत्नी बाळंतपणात वारली, आणि पाठोपाठ नवजात बालकही गेले. त्या दुःखात त्याने रचलेले प्रार्थनागीत पुढे जगभर गायिले गेले. शिकागोच्या मंडळ्यांत गॉस्पेल गायकवृंद स्थापन करण्याचे कार्यही त्याने ह्याच काळात हाती घेतले. अनेक प्रतिष्ठित मंडळ्यांस प्रथम हे रुचले नाही. नाचघरातले संगीत उपासनेत नको, असे त्यांचे म्हणणे पडले. वीस वर्षांनी हीच तक्रार उलट दिशेने ऐकू येऊ लागली: उपासनेतले संगीत नाचघरात नको!

आता गायनाच्या रीतीकडे वळू. त्या काळी चार आवाजांच्या गॉस्पेल मंडळ्या गावोगाव फिरत. त्यांस 'क्वार्टेट' म्हणत. चौघांचे स्वर एकमेकांत मिसळून एकजीव करावयाचे, हे त्यांचे मुख्य कौशल्य. टेक्ससमधील ट्रिनिटी ह्या गावी १९२६ साली निघालेल्या 'सोल स्टरर्स' ह्या मंडळीत पुढे रिबर्ट हॅरिस नावाचा गायक आला, आणि ह्या रीतीस नवे वळण लागले. पुढे एक जण गात असतानाही मागे स्वर धरणारे चौघे राहावेत म्हणून चाराच्या जागी पाच गायक घेण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय त्यास व त्याच्या सोबत्यांस दिले जाते. एक जण गाणे शांतपणे मांडी. दुसरा ते त्याच्या हातून उचलून घेई आणि टिपेस नेई. मधूनच हॅरिस आपला आवाज नेहमीच्या पट्टीतून एकदम वरच्या पातळ सुरात चढवी, आणि ऐकणारी मंडळी उठून उभी राहत.

आमच्याकडील कीर्तन ज्यांनी ऐकले आहे त्यांस ही रीत समजण्यास कठीण नाही. बुवा चरण म्हणतात, मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात. बुवा एकाच शब्दाभोवती नवेनवे स्वर गुंफीत जातात, परंतु मागची मंडळी आपली ओळ सोडीत नाहीत. गॉस्पेलमध्येही असेच आहे. तेथे चार खुणा ओळखाव्यात. पहिली, हाक आणि पडसाद: एकाने विचारल्यासारखे गावे आणि इतरांनी उत्तर द्यावे. दुसरी, एका अक्षरावर अनेक स्वर: जणू शब्द अपुरा पडला म्हणून गळा पुढे चालू राहतो. तिसरी, ठोक्याशी खेळ: स्वर ठोक्यावर न टाकता किंचित मागे वा पुढे टाकणे, आणि संथ गाण्यात प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करून डोल निर्माण करणे. चौथी, आवाज मुद्दाम खरखरीत करणे किंवा तुटू देणे, जेणेकरून भावनेचा भार ऐकणाऱ्यास जाणवावा. ह्या चार खुणा ज्याने ओळखल्या त्याने सोल संगीताचे व्याकरण जाणले असे म्हणावयास हरकत नाही.

१९५० साली हॅरिसने सोल स्टरर्स सोडली. फिरत्या गायकांच्या जीवनात शिरलेली ढिलाई त्यास मानवत नव्हती. त्याच्या जागी एका उपदेशकाचा विशीच्या आतला मुलगा घेण्यात आला. आरंभी तो हॅरिसच्याच गळ्याची नक्कल करी. पुढे त्याने त्यातून स्वतःचा मार्ग काढला. हाच सॅम कुक. १९५६ साली त्याने पहिली लौकिक तबकडी काढली ती 'डेल कुक' ह्या टोपणनावाने, कारण खरे नाव घातले तर भक्तिगायनाचे श्रोते दुरावतील अशी धास्ती होती. आवाज लपेना, म्हणून नाव लपवण्याचा यत्न व्यर्थ गेला. पण उंबरठा ओलांडणे त्या काळी किती कठीण होते हे त्यावरून कळते. १९५७ साली खऱ्या नावाने काढलेल्या 'यू सेंड मी' ह्या गाण्याने तो देशभर गाजला. हॅरिस मात्र भक्तिगायनातच राहिला आणि २००० साली वारला. गुरूची रीत घराघरांत पोहोचली. गुरूचे नाव जाणकारांपुरतेच उरले.

सॅम कुकच्या आधी काही वर्षे हा उंबरठा उघडपणे ओलांडणारा गायक म्हणजे क्लाइड मॅकफॅटर. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे १९३२ साली त्याचा जन्म झाला. ह्याचाही बाप उपदेशक. आणि हाही लहानपणापासून भक्तिगायनात वाढलेला. १९५० साली तो बिली वॉर्ड ह्याच्या 'डॉमिनोज' ह्या मंडळीत शिरला. त्याचा आवाज उंच, कोवळा आणि अश्रूंनी भिजल्यासारखा होता. १९५२ सालच्या 'हॅव मर्सी बेबी' ह्या गाण्यात त्याने गॉस्पेलचा सर्व आवेश, हाक आणि पडसादासह, एका प्रेमगीतात ओतला. गाणे कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. परंतु तबकडीवर नाव होते वॉर्डच्या मंडळीचे. पुष्कळांस वाटे की गाणारा तो बिली वॉर्डच. आणि क्लाइडची ओळख कधीकधी वॉर्डचा धाकटा भाऊ अशी करून दिली जाई. स्वतःच्या गळ्याचे श्रेय स्वतःच्या नावे मिळू नये, ह्याहून गायकाचे दुर्दैव ते कोणते?

१९५३ साली तो तेथून निघाला आणि 'अटलांटिक' ह्या तबकड्यांच्या कंपनीच्या आश्रयाने त्याने 'ड्रिफ्टर्स' ही मंडळी उभी केली. पहिल्याच 'मनी हनी' ह्या गाण्याने यश दिले. पण १९५४ साली त्यास सक्तीच्या लष्करी नोकरीचे बोलावणे आले, आणि पुढे मंडळीतील आपला हक्क तो व्यवस्थापकास विकून मोकळा झाला. त्याचा परिणाम असा की, 'ड्रिफ्टर्स' हे नाव पुढे अनेक वर्षे कमावीत राहिले, पण ज्याने ते रोप लावले त्याचा त्यात वाटा राहिला नाही. १९५८ साली 'अ लव्हर्स क्वेश्चन' ह्या गाण्याने तो पुन्हा गाजला. त्यानंतर उतरती कळा लागली. मद्याने शरीर पोखरले. आणि १९७२ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो वारला. १९८७ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' ह्या संस्थेने त्याचा सन्मान केला. तो पाहण्यास तो नव्हता.

मॅकफॅटरच्याच राज्यातील विन्स्टन-सेलम येथे 'रॉयल सन्स' नावाची एक भक्तिगायन मंडळी होती. १९५२ च्या सुमारास ती लौकिक गाण्यांकडे वळली आणि 'फाइव्ह रॉयल्स' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. १९५३ साली त्यांची दोन गाणी कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ह्या मंडळीचा प्राण म्हणजे लोमन पॉलिंग. बहुतेक गाणी त्याची. आणि गाणाऱ्याच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेत गिटारने टोचल्यासारखे तीक्ष्ण उत्तर देणे हीही त्याचीच युक्ती. हाक गळ्याची आणि पडसाद तारेचा, असा हा नवा प्रकार होता. त्यांचे १९५७ सालचे 'थिंक' हे गाणे १९६० साली जेम्स ब्राउनने गायिले आणि आपलेसे केले. त्यांचेच 'डेडिकेटेड टू द वन आय लव्ह' हे गाणे १९६१ साली 'शिरेल्स' ह्या मुलींच्या मंडळीने आणि १९६७ साली 'मामाज अँड द पापाज' ह्या मंडळीने सर्वतोमुखी केले. पॉलिंग १९७३ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात वारला. त्या वेळी तो एका यहुदी सभास्थानात झाडलोट व देखभाल करण्याच्या नोकरीवर होता.

आता दोन गायिकांविषयी. रूथ ब्राउन हिचा जन्म १९२८ साली व्हर्जिनियातील पोर्ट्समथ येथे झाला. बाप गोदीत मजुरी करी आणि रविवारी चर्चचा गायकवृंद चालवी. मुलीने लौकिक गाणी गावीत हे त्यास पसंत नव्हते. १९४८ साली एका मोटार अपघातात तिचे पाय जबर जखमी झाले आणि ती कित्येक महिने इस्पितळात पडून राहिली. त्यातून उठून तिने अटलांटिक कंपनीसाठी गाणी गायिली. १९५० सालचे 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' हे गाणे ११ आठवडे यादीच्या शिरोभागी राहिले. ओळीच्या शेवटी आवाज एकदम चिरकल्यासारखा वर तोडणे, ही तिची खूण. त्या काळी कंपनी लहान होती आणि रूथची गाणी एवढी खपली की त्या कंपनीस 'रूथने बांधलेले घर' असेच लोक म्हणू लागले.

परंतु घर बांधणारीस त्या घरात जागा राहिली नाही. १९६१ साली तिचा कंपनीशी संबंध सुटला. पुढे मुलांचे पोट भरण्यासाठी तिने परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम केले, शाळेची बसही चालवली. तिच्या जुन्या तबकड्या विकल्या जात होत्याच. पण विक्रीवरचा हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, तिच्या हाती येत नव्हती. ह्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. गायकाच्या हिश्शाचा दर मुळात अल्प असे. आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च, वादकांचे पैसे, आगाऊ दिलेल्या रकमा, हे सर्व त्या हिश्शातून वळते करून घेतले जाई. हिशेब कंपनीच्याच वहीत. त्यामुळे गाणे कितीही खपले तरी गायकाच्या नावे देणेच दिसे. रूथने ही वही उघडण्याचा हट्ट धरला. एका वकिलाच्या साहाय्याने तिने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, गाऱ्हाणे सरकारदरबारापर्यंत नेले. अखेर १९८८ साली कंपनीने तिचे आणि तिच्या काळच्या इतरही अनेक गायकांचे जुने 'देणे' रद्द केले, मागील वर्षांची रॉयल्टी देण्याचे मान्य केले, आणि वृद्ध व गरजू कलावंतांच्या मदतीसाठी 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' ह्या संस्थेच्या स्थापनेस द्रव्य दिले. तिने स्वतःपुरते मागितले असते तर कदाचित लवकर मिळाले असते. तिने सर्वांसाठी मागितले. १९८९ साली रंगभूमीवरील कामासाठी तिला 'टोनी' पारितोषिक मिळाले. २००६ साली ती वारली. आमच्या मते तिच्या गाण्यांइतकीच ही वही उघडण्याची गोष्टही स्मरणीय आहे.

दुसरी लाव्हर्न बेकर, शिकागोची. १९५४ साली तिने 'ट्वीडली डी' हे खेळकर गाणे गायिले. ते वर चढू लागताच १९५५ च्या आरंभी एका दुसऱ्या कंपनीने जॉर्जिया गिब्स ह्या गौरवर्णीय गायिकेकडून तेच गाणे, जवळजवळ स्वरास स्वर व ठेक्यास ठेका जुळवून, गाऊन घेतले. सर्वसामान्य यादीत गिब्सची तबकडी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. बेकरची चौदाव्यावर थांबली. गौरवर्णीयांसाठी चालणारी पुष्कळ रेडिओ केंद्रे कृष्णवर्णीयांच्या तबकड्या लावीत नसत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कायद्यातच होते. गाणे रचणाऱ्यास हक्क होता. पण गाणे कसे गावे, कोठे थांबावे, मागे काय वाजवावे, ही जी गायकाची व वादकांची निर्मिती, तिला संरक्षण नव्हते. बेकरने १९५५ साली चार्ल्स डिग्ज ह्या डिट्रॉइटच्या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीस पत्र लिहून कायदा बदलण्याची विनंती केली. कायदा बदलला नाही. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणास अमेरिकेच्या संघकायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ साली, आणि तेही नव्या मुद्रणापुरते. बेकर पुढे फिलिपाइन्समधील सुबिक बे ह्या आरमारी तळावर करमणुकीचे कार्यक्रम चालवीत सुमारे २० वर्षे राहिली. मायदेशात लोक तिला जवळजवळ विसरले होते. १९८८ साली ती परतली. १९९१ साली हॉल ऑफ फेममध्ये एकटीच्या नावाने निवडली गेलेली ती दुसरी स्त्री ठरली.

आणखी दोघांचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही. रॉय हॅमिल्टन हा भक्तिगायनातून आलेला भरदार आवाजाचा गायक. 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे १९४५ सालच्या एका नाटकातील गीत त्याने १९५४ साली असे गायिले की रंगभूमीवरचे पद उपासनेतील स्तोत्र वाटावे. कृष्णवर्णीयांच्या यादीत ते ८ आठवडे पहिले होते. जॅकी विल्सनसारख्या पुढच्या गायकांवर त्याची छाप पडली. २० जुलै १९६९ रोजी, चाळिशीतच, तो वारला. त्याच दिवशी मनुष्य चंद्रावर उतरला. साऱ्या जगाचे डोळे वर लागलेले असताना हा गायक निघून गेला.

दुसरा लिटल विली जॉन. १९५६ साली, वयाची १९ वर्षे पुरी होण्याच्या आत, त्याने 'फीव्हर' गायिले. आज ते गाणे बहुतेकांस १९५८ सालच्या पेगी ली हिच्या गळ्यातून ठाऊक असते. विली जॉनचे जीवन पुढे बिघडले. एका भांडणात त्याच्या हातून मनुष्यवध झाला, आणि १९६८ साली, अवघ्या ३० व्या वर्षी, तो वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगात वारला. त्याच्या अपराधावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु अपराधामुळे त्याचे गायन दुसऱ्याच्या नावे जमा व्हावे हेही न्याय्य नाही. ज्या जेम्स ब्राउनने एके काळी त्याच्या कार्यक्रमांत आरंभीची गाणी म्हटली होती, त्याने त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ, त्याचे नाव मथळ्यात घालून, एक संपूर्ण तबकडी काढली.

येथे कोणी म्हणेल की, सर्व संगीत एकमेकांपासून घेऊनच वाढते. मग उसनवारीचा एवढा खेद कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्हीही उसनवारीस दोष देत नाही. सॅम कुकने हॅरिसपासून घेतले, पण त्यात स्वतःची भर घातली. पेगी लीचे 'फीव्हर'ही नक्कल नव्हे, तिने त्या गाण्यास निराळा पोशाख दिला. दोष घेण्यात नाही, घेतल्याचे न सांगण्यात आहे. आणि त्याहून मोठा दोष अशा व्यवस्थेत आहे, की जीत देणाऱ्यास नावही मिळत नाही व मोबदलाही मिळत नाही. ऋण मान्य करणारे लोकही झाले. जेम्स ब्राउनचे उदाहरण वर आलेच आहे. स्टीव्ह क्रॉपर ह्या नामांकित गोऱ्या गिटारवादकाने २०११ साली फाइव्ह रॉयल्सच्या गाण्यांचा एक संपूर्ण संग्रह त्यांस अर्पण केला; आणि त्या मंडळीस २०१५ साली हॉल ऑफ फेमने मान दिला. पॉलिंगच्या मृत्यूस तेव्हा ४१ वर्षे होऊन गेली होती.

विद्यार्थ्यांनी ह्या अभ्यासाचा उपयोग कसा करावा? तीन गोष्टी सुचवितो. ही सर्व गाणी आज मोबाइलवर सहज सापडतात. पहिली गोष्ट, एकच गाणे काळाच्या क्रमाने ऐकावे: प्रथम फाइव्ह रॉयल्सचे 'थिंक', मग जेम्स ब्राउनचे; प्रथम बेकरचे 'ट्वीडली डी', मग गिब्सचे. पहिल्या जोडीत काय बदलले आणि दुसऱ्या जोडीत काय बदलले नाही, हे वहीत टिपावे. ह्या एका प्रयोगाने भर घालणे आणि नक्कल करणे ह्यांतील भेद दहा व्याख्यानांपेक्षा अधिक स्पष्ट होईल. दुसरी गोष्ट, वर सांगितलेल्या चार खुणा एकेका गाण्यात शोधाव्यात. आणि मुख्य गायकाकडे कान न देता एकदा केवळ मागच्या आवाजांकडे द्यावा. तिसरी गोष्ट, कोणतेही गाणे आवडले की चार प्रश्न विचारावेत: हे कोणी रचले, प्रथम कोणी गायिले, साथ कोणी केली, आणि पैसे कोणास मिळाले? हे प्रश्न केवळ परदेशी गाण्यांसच विचारावेत असेही नाही.

फिस्कच्या मुलांनी गायिले आणि त्यांच्या शाळेवर छप्पर चढले. रूथ ब्राउनने गायिले आणि घर दुसऱ्याचे झाले. ते परत मिळवण्यास तिला आयुष्याची उत्तर वर्षे झिजवावी लागली. हॅरिस, मॅकफॅटर, पॉलिंग, हॅमिल्टन, विली जॉन, बेकर ह्यांपैकी आज कोणीही हयात नाही. त्यांची रॉयल्टी चुकती करणे आमच्या हाती नाही; त्यांची नावे घेणे मात्र आमच्या हाती आहे. पुढच्या खेपेस एखादे जुने सोल गीत कानी पडले असता वाचकांपैकी एकाने जरी 'हे आधी कोणी गायिले?' असे सोबत्यास विचारले, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सफल झाले असे आम्ही समजू.